जंगी पलटण आणि तांबडी गाय : प्रकल्प नोंदी

१५ ऑगस्ट २०२४

शाळेतल्या झेंडावंदनाला माजी सैनिकांची वेगळी रांग असते. माझे आजोबा, आबा, तिथे डावीकडून तिसरे. पदकं छातीवर, आणि बूट असे चकचकीत की त्यात बघून भांग पाडावा. यंदा बाकीच्यांनी ती जागा तशीच मोकळी सोडली होती. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं म्हणे.

घरी आल्यावर काकांनी विषय काढला. वर्षश्राद्धाला लोक स्टीलचे डबे वाटतात, आपण आबांवर पुस्तक काढू. मी पुण्यात पुस्तकांची मांडणी करून पोट भरते, तेव्हा काम कुणाच्या गळ्यात पडणार हे उघड होतं. आबा गेले ते मागच्या वर्षी चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी, एकोणऐंशी वर्षांचे होऊन. तिथीने वर्षश्राद्ध ८ डिसेंबरला येतं.

ठरलं ते असं : ऐंशी पानं, म्हणजे सोळा पानी पाच फॉर्म. साठ प्रती. खर्च काका आणि आत्या निम्मा निम्मा. नाव काकांनी आधीच पक्कं केलंय, ‘जंगी पलटणीचा हवालदार’. जंगी पलटण म्हणजे आबांची, मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. बाबा पूर्ण वेळ गप्प होते. कुठला कागद कुठून आला आणि कोण काय म्हणालं हे नंतर आठवत नाही, म्हणून या नोंदी.

१८ ऑगस्ट

माळ्यावरून ट्रंक खाली काढली. काळी, पत्र्याची. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. ‘नायक’वर काळा हात मारून ‘हवालदार’ केलेलं उन्हात धरलं की खालचं दिसतं.

आत : डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश (पीपीओ), कॅन्टीनचं जुनं कार्ड, अंगोला शर्ट (कसर लागलेला), ॲल्युमिनियमचा मग, सुतळीने बांधलेला रजेच्या पासांचा गठ्ठा, दोरीने बांधलेला पत्रांचा गठ्ठा, एक खिशात मावणारी वही, डांबरगोळ्यांची भुकटी. शर्टाच्या खिशात सुपारीचं खांड निघालं. आजीने ते घेतलं आणि कमरेच्या पिशवीत टाकलं. त्याची नोंद सूचीत करायची की नाही यावर मी दहा मिनिटं घालवली. केली.

डिस्चार्ज बुकात एका माणसाची वीस वर्षं अठ्ठावीस पानांत बसवलेली आहेत. भरती १९६३, बेळगाव. चीनच्या युद्धानंतर लष्कर वाढवायला घेतलं होतं आणि आमच्या भागात घरटी एकाला तरी हाक आली होती. सेवानिवृत्ती १९८३. ओळखीची खूण, डाव्या भुवईवर तीळ. वर्तणूक, ‘अनुकरणीय’. हा शब्द वाचून आजी बराच वेळ हसली. का, ते सांगितलं नाही.

२५ ऑगस्ट

पदकं. भारतीय पदकांच्या कडेवर किंवा मागे मिळवणाऱ्याचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, हे मला माहीतच नव्हतं. भिंग घेऊन बसले. रक्षा पदक १९६५ चं, त्यावर ‘सिपाही’. १९७१ च्या संग्राम पदकावर ‘लान्स नायक’. म्हणजे बढत्यांचा क्रम पदकांच्या कडांवरूनच लागतो. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक आहे, नऊ वर्षांच्या आणि वीस वर्षांच्या दीर्घ सेवेची आहेत.

पूर्वी स्टार नाही. १९७१ ला पूर्व आघाडीवर लढलेल्यांना मिळालेला पाच टोकी तारा. डिस्चार्ज बुकात नोंद आहे, झेंडावंदनाच्या जुन्या फोटोंत छातीवर दिसतोय. ट्रंकेत नाही, कपाटात नाही. काकांचा चेहरा उतरला. काचेची चौकट करून घ्यायची तर त्यात पहिली जागा त्याचीच, कारण पदकांचा क्रम ठरलेला असतो, मनाला येईल तसा लावता येत नाही.

१ सप्टेंबर

पत्रं स्कॅन केली. एकूण १४३. बहुतेक निळी अंतर्देशीय, थोडी पोस्टकार्डं. ६०० डीपीआयवर घेतली, कारण काहींची शाई इतकी उडाली आहे की कागदावर फक्त निबाची खोच उरली आहे. स्कॅनरचा उजेड तिरका पडला की ती वाचता येते.

पत्ते दोनच : ५६ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) किंवा ९९ एपीओ. पश्चिमेकडे असले की ५६, पूर्वेकडे ९९. माणूस नक्की कुठे आहे ते घरच्यांना कळू द्यायचं नाही, अशीच ती सोय.

मजकुराने मात्र निराशा केली. सगळी पत्रं आबांच्या वडिलांच्या नावे, आणि सगळी सारखीच. ‘तीर्थस्वरूप अण्णांना शिरसाष्टांग नमस्कार. मी येथे खुशाल आहे. तुमची खुशाली कळवावी. मनीऑर्डर पाठवली ती पावली का. विहिरीचं काम किती आलं. सोसायटीचा हप्ता भरावा.’ आजीचं नाव एकाही पत्रात नाही. आठ-दहा पत्रं वाचली की अकरावं न उघडता लिहिता येईल. बऱ्याच पत्रांच्या शेवटी गुरांची विचारपूस : ‘तांबडीला जपा’, ‘तांबडीला पोटभर वैरण असू द्या’, ‘यंदा तांबडीला एकटीला रानात धाडू नका’.

शेतकऱ्याचा मुलगा बंदूक घेऊन उभा आहे आणि जीव गोठ्यात अडकलाय. चला, एक पान तर मिळालं.

८ सप्टेंबर

गौरी-गणपतीला सगळे जमलेत. आत्याकडून शाळेच्या बुटांचा किस्सा घेतला. रविवारी संध्याकाळी घरातल्या सगळ्या पोरांचे बूट ओट्यावर ओळीने मांडायचे, आबा पॉलिश करणार. आधी ओला बोळा, मग पॉलिश, मग थुंकी लावून कापड, मग ब्रश. आम्ही नातवंडंसुद्धा त्या रांगेत होतो. वेणीसुद्धा तेच घालायचे आणि इतकी घट्ट की डोळे ओढले जायचे. शाळेत मला चिनी म्हणायचे.

रिटायर झाल्यावर तालुक्याच्या एका सहकारी बँकेत ते सतरा वर्षं दारावर बंदूक घेऊन बसले. पण ‘बसले’ हा शब्द त्यांना चालायचा नाही. उभे होते.

काकांनी युद्धाचा मजकूर लिहून आणलाय. नऊ पानं. शेवटच्या दोन पानांत आबा ढाक्याला रेसकोर्स मैदानावर, पाकिस्तानचे जनरल नियाझी शरणागतीवर सही करत असताना चाळीस फुटांवर. हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. गावात सगळ्यांना माहीत आहे. ग्रामपंचायतीच्या शोकसभेतही हेच सांगितलं गेलं.

१५ सप्टेंबर

अपशिंगे मिलिटरीला जाऊन आले. आमच्या गावापासून गाडीने फार वेळ लागत नाही. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण गेले, त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. अजूनही घरोघरी फौज. तिथे आबांच्या पलटणीतले एक निवृत्त सुभेदार राहतात, ब्याऐंशी वर्षांचे. त्यांनी आधी मला चहा पाजला, मग माझी परीक्षा घेतली. जंगी पलटण म्हणजे कोणती? पहिली मराठा. कधीची? १७६८. आणि काली पांचवी? दुसरी मराठा, १७६९. बरं, मग विचार काय ते.

त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर छापील इतिहासाशी ताडून पाहिलं. ते असं.

डिसेंबर १९७१. पहिली मराठा ९५ माउंटन ब्रिगेडमध्ये, ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांच्या हाताखाली. पलटणीचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार. मेघालयाच्या बाजूने खाली उतरून ढाक्याकडे जायचं. वाटेत कमालपूरची चौकी, ती ४ डिसेंबरला शरण आली. पुढे बक्षीगंज, मग ब्रह्मपुत्रेचं जुनं पात्र, आणि पलीकडे जमालपूर. जमालपुरात पाकिस्तानची ३१ बलुच पलटण पक्की मोर्चेबंदी करून बसलेली. समोरून धडक देण्याऐवजी मराठ्यांनी नदी ओलांडली आणि शहराच्या पाठीमागे जाऊन जमालपूर-टांगाईल रस्ता अडवला. “मागचं दार लावलं,” सुभेदार म्हणाले.

९ डिसेंबरला क्लेर यांनी ३१ बलुचच्या लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांना चिठ्ठी पाठवली : वेढले गेला आहात, शरण या. मुक्तिवाहिनीचा (बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिकांचा) एक वयस्क माणूस ती घेऊन गेला. संध्याकाळी तो उत्तर घेऊन परतला. कागदात एक गोळी गुंडाळलेली. लेखणी बरी चालते तुमची, पुढच्या भेटीत हातात स्टेनगन असू द्या, अशा अर्थाचा मजकूर.

१० तारखेच्या रात्री बलुच फोडून बाहेर पडायला आले ते याच रस्त्याने, मराठ्यांच्या अंगावर. उजाडलं तेव्हा रस्त्यावर दोनशेहून जास्त मृतदेह होते. ११ ला सकाळी जमालपूर पडलं.

त्या रात्रीचं सुभेदारांनी एवढंच सांगितलं : “थंडी लई होती. आणि ते इतकं जवळ आलं, की बोलणं ऐकू यायचं.” मग त्यांनी सुनेला हाक मारून पुन्हा चहा टाकायला सांगितलं. मी रेकॉर्डर बंद केला.

आबा या सगळ्यातलं फक्त गोळीच्या चिठ्ठीचं सांगायचे, तेसुद्धा विनोद म्हणून. घरात कुणी उद्धट उत्तर दिलं की म्हणायचे, “गोळी गुंडाळून दिलीस की गं.”

निघताना मी ढाक्याचं विचारलं. सुभेदार म्हणाले, “तुझा आजा? त्याचा तर पाय गेला होता कामातनं.”

१६ सप्टेंबर

खिशातली वही. पेन्सिलीने लिहिलेली, बहुतेक हिशेब : साबण, बिडी, कुणाला दिलेले पाच रुपये. आघाडीवर डायरी ठेवायची नसते असं सुभेदार म्हणाले होते, पण हिशेबाच्या वहीला कोण अडवतंय? डिसेंबरच्या पानावर हिशेबाच्या मधे चार ओळी आहेत.

‘११. जमालपूर.’
‘१२. पुंगली पूल. पॅरावाले भेटले.’
‘१४. पाय सुजला.’
‘१६. बूट कापून काढला. रेडिओ ऐकला.’

म्हणजे नियाझींनी सही केली त्या दुपारी आबा कुठल्यातरी तंबूत पाय वर करून पडले होते आणि बातमी त्यांनी इतर सगळ्या देशासारखी रेडिओवर ऐकली.

१२ तारखेच्या ओळीने मी खूश झाले, कारण ती अगदी जुळते. ११ डिसेंबरच्या दुपारी टांगाईलजवळ २ पॅरा ही पलटण हवाई छत्र्यांनी उतरली. पुंगली पूल ताब्यात घेऊन उत्तरेकडून माघार घेणाऱ्यांची वाट तोडणं हे तिचं काम. दुसऱ्या दिवशी जमालपूरकडून आलेली पहिली मराठा तिला येऊन मिळाली. आणि २ पॅरा म्हणजे मूळची तिसरी मराठा, नंतर छत्रीधारी झालेली. परमुलखात पुलावर भेटले ते भाऊबंदच.

२२ सप्टेंबर

पितृपक्ष. पान वाढून झाल्यावर काकांना वही दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, “हे बिल आहे. हा काय पुरावा झाला?”

मी म्हटलं, काका, आबा स्वतः कधी म्हणाले होते का की मी मैदानावर होतो? काका म्हणाले, शंभरदा. आजी आतून म्हणाली, “न्हाई. ते म्हणायचे, ‘ढाक्याला आमची पलटण होती.’”

आमची पलटण. फौजी माणूस ‘मी’ म्हणतच नाही. आम्ही ऐकताना त्याचा ‘मी’ करून घेतला आणि पन्नास वर्षं आबांनी तो खोडला नाही. दुरुस्त करायला लागले असते तर पायाचं सांगावं लागलं असतं, असा माझा अंदाज.

काका रागावून जेवणाआधीच निघून गेले. कावळा मात्र लगेच शिवला. आत्या म्हणाली, बघ, आबांचं तुझ्या बाजूने मत पडलं.

२९ सप्टेंबर

मांडणीतली ढाक्याची चार पानं काढली. फॉर्मचा हिशेब विस्कटला. आता चार पानं भरायला काहीतरी हवंय, नाहीतर शेवटी कोरी जातील.

६ ऑक्टोबर

रजेचे पास मोजले. लग्न १९६६ चं. तिथपासून १९८३ पर्यंत प्रत्येक पासावर ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ आहे. वर्षाकाठी साधारण दोन महिने वार्षिक रजा, मधे थोडी किरकोळ. १९७१ ला एकही दिवस नाही. बेरीज : १,०१२ दिवस. सतरा वर्षांच्या संसारात पावणेतीन वर्षं नवरा घरात.

यावर एक चित्र करायचं ठरवलं. सतरा ओळी, दिवसाला एक ठिपका, घरी असतील ते काळे. आजीला कच्चा कागद दाखवला. मला वाटलं ती गहिवरेल.

“आणि रिटायर झाल्यावर चाळीस वर्सं माझ्या डोक्यावर बसले, ते न्हाई का मोजत? चुलीवरची भाजी चाखून मीठ सांगणारा गडी. लंगरात शिकला म्हणं.”

ठिपके ठेवलेत. चाळीस वर्षांचा उरलेला भाग त्याच मापाने काढला तर पानाबाहेर जातो. घडीचं पान घालावं लागेल. छापखान्याला दर विचारला, परवडत नाही. मग समोरचं अख्खं पान काळं छापते.

१३ ऑक्टोबर

पूर्वी स्टार सापडला! काल दसऱ्याला आजीने देवघर उजळायला काढलं. खंडोबाच्या टाकामागे, तांदळांत, हळदीने माखलेला. आबांनीच ठेवला होता, शेवटच्या आजारपणात. आजीला माहीत होतं. “तुम्ही इचारलं कुठं मला? ट्रंका उचकत बसला.”

काकांना फोन केला. ते रात्रीच मोटारसायकलवर आले. रागाबद्दल कुणीच काही बोललं नाही.

चौकट करणारा म्हणाला, तारा ब्रासोने लख्ख करून देतो. नको म्हटलं. बाकीच्या पाचांच्या फिती मात्र विटल्यात, नव्या पुण्यात कॅम्पात मिळतील. जुन्या फिती पाकिटात घालून चौकटीच्या पाठीला चिकटवणार.

२३ ऑक्टोबर

आज शरकत दिन. २३ ऑक्टोबर म्हटलं की आबांना मटण हवंच. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) शरकतच्या लढाईत ११४ मराठा पलटणीने एकाच लढाईत शौर्याची २८ पदकं मिळवली, त्याचा दिवस रेजिमेंट पाळते. कोंढाण्याचा ४ फेब्रुवारी, त्या दिवशी शिरा. आमच्या घरात इतिहास असा जिभेवर होता. आजीचा स्वयंपाक, पण वाढणार आबा, आणि पंगतीत आधी धाकटे. मोठ्यांनी शेवटी जेवायचं हा नियम त्यांनी मरेपर्यंत मोडला नाही.

पुण्यात एकटीने काय मटण करायचं. अंडी केली.

२७ ऑक्टोबर

चार कोऱ्या पानांचा प्रश्न बाबांनी सोडवला. हे मी सरळ लिहून टाकलं, पण सोपं नव्हतं.

बाबांच्या आणि आबांच्यात दोन वर्षांची एक भिंत होती. बाबा अठराचे झाल्यावर आबांनी त्यांना भरतीला नेलं. सपाट तळवे म्हणून डॉक्टरांनी नापास केलं. पुढच्या वर्षी पुन्हा नेलं, पुन्हा तेच. परत येताना एसटीत आबा एक शब्द बोलले नाहीत, आणि मग घरातही नाही. बाबा साताऱ्याला आयटीआयला गेले, वायरमन झाले. बोलणं कसं सुरू झालं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. म्हणून पुस्तकासाठी लिहा म्हटलं की ते उठून मोटर चालू करायला जायचे.

काल रात्री त्यांनी विड्याच्या पानांचा एक जुना डबा माझ्यापुढे ठेवला. मनीऑर्डरची कुपनं. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक पट्टी असायची, पैसे घेणाऱ्याने ती फाडून ठेवायची, तिच्यावर दोन ओळींचा मजकूर लिहिता यायचा. पणजोबा पैसे ठेवून घ्यायचे आणि पट्टी नातवाला खेळायला द्यायचे. बाबांनी एकही टाकली नव्हती.

‘याला पाटी घ्या.’ ‘याला पेन घ्या, शाईचे.’ ‘याचा गुडघा बरा झाला का.’ ‘याचे पाय दुखतात का ते विचारावे.’

शेवटची १९७८ ची. बाबा अकरा वर्षांचे.

“पायाचं त्यांना आधीच ठाऊक होतं,” बाबा म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत. कुपनं मूळ आकारात, चार पानांवर, एका पानावर सहा. वर शीर्षक नाही, खाली मजकूर नाही.

३ नोव्हेंबर

भाऊबीज. पानं लावून पूर्ण. पीडीएफ सगळ्यांना पाठवली. पत्रांच्या विभागाला मी स्वतः काढलेलं एक रेखाचित्र घातलंय : गोठा, दावण, तांबड्या रंगाची गाय, आणि खाली ‘तांबडीला जपा’. अख्ख्या पुस्तकात दोन रंगांत छापलेलं तेवढं एकच पान. मला स्वतःला ते सगळ्यात आवडलंय.

१० नोव्हेंबर

आजीला पानं मोठी करून, छापून दाखवायला गावी आले. तिला वाचता येत नाही, त्यामुळे मी वाचत होते आणि ती चित्रं बघत होती. गाईपाशी ती थांबली.

“ही कुणाची?”
आपली, आजी. तांबडी.
“आपल्याकडं कवा तांबडी गाय होती? आपली काळी. म्हशी दोन. तांबडं जनावर ह्या घरात टिकतच न्हाई, सासूबाई सांगायच्या.”

मी एकेक पत्र काढून वाचलं. ‘तांबडीला जपा.’ ‘तांबडीला पोटभर वैरण असू द्या.’ आजीने पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं रडतेय.

लग्नातलं लुगडं तांबडं होतं. लग्नानंतर बाराव्या दिवशी आबा परत गेले. पत्र आलं की शाळेचे मास्तर ओट्यावर बसून मोठ्याने वाचणार, समोर सासरे, दीर, शेजारपाजार, आणि ती दाराआड. तिथे बायकोचं नाव कसं लिहिणार? पहिल्या पत्रात तांबडी आली तेव्हा पणजोबाही चक्रावले होते. ‘फौजेत जाऊन पोराला गुरांचा रंग कळंना झाला’ म्हणाले. तिला दाराआड कळलं. पुढे सासूबाईंनाही कळलं असावं, कारण ‘तांबडीला एकटीला रानात धाडू नका’ हे पत्र आल्यापासून त्या तिच्याबरोबर एकीला धाडायला लागल्या. तेव्हा पोटात बाबा होते.

“आणि बांगलादेशच्या टायमाला?” मी विचारलं.

डिसेंबरभर पत्र नाही. चावडीवरच्या रेडिओवर विजय झाल्याचं सगळ्यांनी ऐकलं, पेढे वाटले. पण गावातले सात जण तिकडे होते आणि कोण उरलंय ते रेडिओ सांगत नव्हता. तारवाल्याची सायकल दिसली की बाया घरात जाऊन दार लावून घ्यायच्या. जानेवारीच्या सुरुवातीला ९९ एपीओचं अंतर्देशीय आलं. ते पत्र माझ्याकडे आहे, क्रमांक ६१. मी ते दहा वेळा बघितलं होतं आणि बाजूला ठेवलं होतं, कारण युद्धाविषयी त्यात एक अक्षर नाही. ‘मी खुशाल आहे. पाय थोडा दुखावला होता, आता बरा. तांबडीने काळजी करू नये.’

गाईने काळजी करू नये, असं कुणी लिहितं का? मी मांडणी करणारी बाई, शब्दांवरून नजर फिरवायची सवय झालेली.

१२ नोव्हेंबर

पान बदलायचं म्हणून आजीला विचारलं. हे सगळं लिहू? ती ठाम नाही म्हणाली. पुस्तक भावकीत वाटायचं, गावात वाटायचं, तिला तोंड दाखवायला जागा राहायची नाही. गाय आहे तशी राहू दे.

मग या नोंदींचं काय, कधी कुठे छापायला दिल्या तर?

“ते परके. त्यांना सांग की. त्यांना मी कोण ते कुठं ठाव हाय?”

१९ नोव्हेंबर

छपाईला दिलं. आतला कागद १०० जीएसएम मॅपलिथो, चकचकीत आर्ट पेपर नको म्हणून काकांशी अर्धा तास. शिवण बांधणी, चिकटवलेली नाही. पानं सुटून आली तर आबा वरून ‘फिरसे करो’ म्हणतील. नाव काकांचंच ठेवलंय. ढाक्याच्या जागी त्यांनी स्वतः एक वाक्य लिहून दिलं : ‘१६ डिसेंबरला पलटण ढाक्याच्या वाटेवर होती, हवालदार त्या वेळी लान्स नायक होते आणि पायाने अधू झाले होते.’ मी त्यातला स्वल्पविरामही हलवला नाही.

३० नोव्हेंबर

साठ प्रती आल्या. पान ३८ वर तांबडा रंग दोन मिलिमीटर सरकलाय, गाय कातडीबाहेर आल्यासारखी दिसते. छापखान्याने चूक मानली, पण पुन्हा छापायला वेळ नाही. राहू दे.

८ डिसेंबर

काल चंपाषष्ठी, आज वर्षश्राद्ध. पूर्वी स्टार आजीने सकाळी देवघरातून काढून दिला, हळदीसकट. काकांनी चौकटीत बसवला. अपशिंग्याचे सुभेदार आले होते, काठी टेकत, पदकं लावून. त्यांनी चौकटीसमोर टाचा जुळवल्या, मग पुस्तक उघडून फक्त जमालपूरची पानं वाचली आणि मिटून काखेत घेतलं.

पंगतीत आधी पोरं जेवली.

दुपारी ओट्यावर शेजारच्या काकू पानं उलटत बसल्या होत्या. ३८ व्या पानावर थांबून त्यांनी आजीला हाक मारली. “आवो, तुमच्याकडं तांबडी गाय कवा होती वो?”

“होती की,” आजी म्हणाली. “लई मारकी होती.”